वाचून बघायला कुणी

मेल तसा साधाच होता. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून आलेला, भरतीचं काम बघणाऱ्या मुलीनं लिहिलेला. 'आपल्या रेझ्युमेवरच्या नंबरवर आम्ही दोन-तीनदा फोन केला. एका वयस्कर गृहस्थांनी उचलला आणि इथे अशी कुणी नाही म्हणून सांगितलं. कृपया नंबर तपासून घ्यावा. जागा अजून भरलेली नाही. दुरुस्त केलेला रेझ्युमे आज पाचच्या आत आला तर मला तो पुढे ठेवता येईल. आणि एक आगाऊपणा करते. तुम्ही नेमकं काय केलंत ते थोडं साध्या शब्दांत लिहाल का? निवडीला आमचे डॉक्टरही बसतात, त्यांना आपल्या धंद्यातली भाषा कळत नाही.' तिनं तो खिडकीशी उभ्या उभ्या वाचला, चहाचा कप हातात तसाच. मग लॅपटॉपवर स्वतःचा रेझ्युमे उघडला. वर नाव, नावाखाली नंबर. शेवटी चार-सहा हवं तिथे सहा-चार. दोन आकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते, आणि बसले होते तेही असे निवांत, की जणू जन्मापासून तिथेच राहतात. बाकी सगळं जागच्या जागी होतं. हा कागद तिनं गेले कितीतरी महिने दिसेल त्या कंपनीला पाठवला होता.

आणि ही बाई धंद्यानं टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती पडण्याआधी ते कुठे अडखळतं, कुठे फसतं, कुठे धडधडीत खोटं बोलतं हे डोळ्यांत तेल घालून शोधायचं, हे तिचं काम. उभं तारुण्य त्यात गेलं. ऑफिसातली प्रोग्रामर मंडळी तिला चाळणी म्हणत, आधी पाठीमागे आणि मग सरळ तोंडावर. चाळणीच्या हातून खडा सुटत नाही असा तिचा लौकिक होता, आणि त्या लौकिकापायी तिनं लोकांची भरपूर बोलणीही खाल्ली होती. एका चुकीच्या शून्यासाठी तिनं एकदा अख्खं काम अडवून धरलं होतं, तेव्हा वरचा साहेब आठवडाभर तिच्याकडे बघून फुगला होता. त्या बाईला स्वतःच्या नावाखालचा नंबर दिसला नाही. तिला हसू यायला हवं होतं, कारण दुसऱ्या कुणाची अशी फजिती ऐकली असती तर ती पोट धरून हसली असती. पण तिला भीतीच वाटली. नंबर चुकला तो चुकला, दुरुस्त करायला किती वेळ लागतो? भीती वेगळीच होती. आपली नजरच गेली असेल तर? मग पाचच्या आत काय पाठवायचं, आणि कुणाच्या भरवशावर?

नोकरी तिला पोटासाठी हवी होतीच, पण पोटाचं अजून काही काळ निभावलं असतं. तिला हवी होती एक अशी जागा, जिथे एखाद्या दिवशी ती पोचली नाही तर कुणीतरी मान वर करून विचारील, आज चाळणी आली नाही का? एवढंच. हे रेझ्युमेवर लिहिता येत नाही. टीम बंद झाली त्या सकाळी सगळ्यांना एका काचेच्या खोलीत बसवून सांगितलं गेलं, की तपासणीचं काम आता यंत्रच स्वतःचं स्वतः करील, आणि तुमच्या योगदानाबद्दल कंपनी ऋणी आहे. ऋणी हा शब्द वाचणाऱ्यानं कागदाकडे बघून वाचला. त्यानंतर घर. सकाळी उठल्यावर घाई नाही आणि संध्याकाळी दमणूक नाही. कुणी काही सांगत नाही, म्हणून तिलाही कुणाला काही सांगायचं उरलं नाही. पहिले काही दिवस बरे गेले. मग तिच्या लक्षात आलं, की दुकानात सुटे पैसे परत घेताना म्हटलेलं 'असू दे' हे अख्ख्या दिवसातलं तिचं पहिलं बोलणं होतं, आणि आवाज घशातून खरखरत बाहेर आला होता.

फोन मात्र ती जवळून हलू देत नसे. अंघोळीला जाताना बाहेरच्या कठड्यावर, जेवताना ताटाच्या शेजारी, झोपताना उशीपाशी. तो वाजत नव्हता. कुणी टेस्टर नसलेली बाई असती तर रडली असती, हिनं आधी फोन तपासला. वहिनीला सांगून स्वतःला फोन करायला लावला. तो वाजला. "वाजतोय की चांगला," वहिनी म्हणाली होती, "झालंय काय?" काही नाही म्हणून तिनं ठेवून दिला. मग आवाज कमी-जास्त करून पाहिला, बंद करून पुन्हा चालू केला, आतलं सिमकार्ड काढून फुंकर मारून परत घातलं. फोन धडधाकट होता. एकेक कारण असं काढून टाकत गेलं की शेवटी जे उरतं तेच खरं कारण, ही तर तिची रोजची रीत. सगळं काढून टाकल्यावर ती स्वतःच उरली. म्हणजे आपणच नको आहोत लोकांना. हा निष्कर्ष तिनं इतक्या शिस्तीत काढला होता, की त्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि त्या सगळ्या महिन्यांत फोन वाजत होता. भलत्याच कुणाच्या घरात वाजत होता, आणि तिथला म्हातारा सांगत होता, की इथे अशी कुणी नाही.

ती कप ठेवून खुर्चीत बसली. चूक सापडली की टेस्टर पहिला प्रश्न विचारतो तो 'कुणी केली' हा नसतो. 'ही आपल्या नजरेतून सुटली कशी' हा असतो. त्यांच्या ऑफिसात एक नियम होता, आणि तो तिनंच पुढाकार घेऊन घालून दिला होता. स्वतःचं लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलं गेलं ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक कागद बाहेर जाण्याआधी दुसऱ्यानं वाचायचा, मग तो साध्या जेवणाच्या सुट्टीचा निरोप का असेना. तिचं लिहिलेलं वाचायचा ढापण्या. नावाप्रमाणेच जाड भिंगांचा चष्मा, खांद्यात थोडा वाकलेला, शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेला. तो तिचे रिपोर्ट हलक्या आवाजात वाचायचा, ओठ हलवत, आणि चूक सापडली की नुसतं घसा खाकरायचा. ती न बघता म्हणायची, "कितवी ओळ?" तो आकडा सांगायचा. सगळं ठीक असलं की तिच्या पडद्यावर त्याच्याकडून एक अंगठा यायचा. अंगठा म्हणजे वाचलं, अक्षर न् अक्षर वाचलं, जाऊ दे आता बाहेर. त्या अंगठ्यावर तिनं किती वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याचं वाचायची ती. त्याच्या वाक्यांना एक खोड होती, तो 'परंतु' फार वापरायचा, आणि त्याच्या घरी काही बिनसलं असलं की परंतु वाढायचे. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. त्याला बायको होती, मुलं होती. तिला त्याच्याकडून काही नको होतं. फक्त जगात एक माणूस आपलं लिहिलेलं शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचतो, ही गोष्ट अंगावरच्या कपड्यासारखी तिला कायम जाणवत असायची.

रेझ्युमे लिहून झाल्यावर अर्थातच तिनं तो त्यालाच पाठवला होता. तेव्हा त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळालंही होतं. 'बघशील का एकदा?' एवढंच लिहिलं. थोड्या वेळानं अंगठा आला. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच दिवसापासून तिनं तो कागद जगभर वाटायला सुरुवात केली.

आता ती तो अंगठा पुन्हा उघडून बघत बसली. पिवळा, गुबगुबीत, सगळ्या जगाला वाटतात तसलाच. यात वाचलं असं कुठे लिहिलंय? मिळालं, एवढंही असेल. बरं बरं, असंही असेल. त्या ऑफिसाबाहेर या अंगठ्याचा अर्थ काय होतो हे तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं त्याला फोन लावला, लावण्याआधी पाणी प्यायली. त्यानं लगेच उचलला. मागे बरीच माणसं बोलत होती, कपबश्यांचा आवाज येत होता, कुणीतरी त्याला हाक मारत होतं, आणि त्या हाकेत त्याचं खरं नाव होतं, ढापण्या नव्हे.

"बोल गं," तो म्हणाला. "कशी आहेस? किती दिवसांनी."

"बरी आहे. एक विचारायचं होतं. माझा रेझ्युमे तू वाचला होतास ना?"

"हो, वाचला ना तेव्हाच. झकास होता. का, काय झालं?"

"काही नाही. पहिल्या ओळीचं जरा वाटत होतं."

"पहिली ओळ तर मस्तच आहे. उगाच कीस काढू नकोस." मग जरा थांबून, "कुठे जमलं का काही?"

"जमतंय. तू जा, तुला बोलावतायत."

नावाखालच्या पहिल्या ओळीत फक्त नंबर होता. तिनं फोन उपडा ठेवला. त्याचा राग आला नाही, आणि राग येत नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं. तो खोटं बोलला ते तिला बरं वाटावं म्हणून, हे तिला कळत होतं. नव्या जागी त्याच्या शेजारी कुणी बसत असेल, त्याचे परंतु मोजत असेल किंवा नसेल. माणसं एकमेकांचं वाचतात ती एका पगारपत्रकावर असतात तोवर, असा एक कडवट विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो तिथेच तपासून बाद केला, कारण तो पुरता खरा नव्हता. खरं एवढंच होतं, की तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं आपल्याला त्या अंगठ्याचं काय मोल आहे ते. न सांगितलेलं त्यानं पाळावं कसं? तिनं डोळ्यांना पदर लावावा तसा ओढणीचा कोपरा लावला, नाक पुसलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. दुपार झाली होती.

पण सहा-चारच का? बोट घसरलं असतं तर शेजारचा आकडा पडला असता. हाताला उलटापालट करायचं काय कारण? ती रिकाम्या टेबलावर बोटं आपटत राहिली, आणि बोटांनीच तिला सांगितलं. लहानपणी घरात दाराशेजारी एक फोन होता, भिंतीला लटकलेला, आणि त्याचा नंबर वडिलांनी तिच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. हरवलीस तर कुणालाही हा सांगायचा. सकाळी वेणी घालताना म्हण, झोपताना म्हण, शेवटी एक तालच बसून गेला होता, आणि तो ताल सहा-चारवर येऊन संपायचा. सहाला आवाज चढायचा, चारला खाली यायचा. आणि ती खरंच एकदा हरवली. कुठलंसं मोठं प्रदर्शन होतं, यंत्रांचं की फुलांचं ते आठवत नव्हतं, पायांचं रान आठवत होतं. एका पहारेकऱ्यानं तिला उचलून खोलीत नेलं. तिनं नंबर सांगितला, घडाघडा, एकही आकडा न चुकता. पहारेकऱ्यानं फिरवला. वाजत राहिला, वाजत राहिला. "बाळ, कुणी उचलत नाही," तो म्हणाला. कसं उचलणार? आई, वडील, दादा, घरातलं सगळं माणूस त्या प्रदर्शनात तिला शोधत फिरत होतं. पुढे वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन घरी आणताना कपाळावर हात मारला होता. "अरे, हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि ती त्यांच्या कानात म्हणाली होती, "मग कुणीतरी घरी राहायला हवं ना." ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत सुटायचे, पोरगी कशी माझ्या चुका काढते म्हणून, आणि सांगताना चेहऱ्यावर असा आनंद असायचा, की चूक काढणं ही जगातली सर्वांत लाडकी गोष्ट आहे असा तिचा कायमचा समज झाला. ते घर आता दुसऱ्याचं आहे, फोन कधीच गेला, वडीलही गेले. हात तेवढा तो नंबर विसरला नव्हता.

ती मनातल्या मनात म्हणाली, चला, नजर गेलेली नाही. नजरेनं ते आकडे वाचले असतील कितीतरी वेळा, पण त्यांचा सूर घरचा होता म्हणून त्यांना जाऊ दिलं. याचा दिलासा वाटावा की धसका घ्यावा ते तिला ठरवता येईना.

तिनं आकडे दुरुस्त केले आणि खालचं वाचायला घेतलं. साध्या शब्दांत लिहा म्हणे. 'गुणवत्तेशी तडजोड न करणारी, संघभावनेनं काम करणारी अनुभवी टेस्टर.' हे कुणीही कुणाबद्दलही लिहील. खोडलं. 'विविध प्रकल्पांत चाचणी-आराखडे तयार करून त्यांची यशस्वी अंमलबजावणी.' यशस्वी म्हणजे काय? खोडलं. 'उत्तम संवादकौशल्य.' या ओळीशी ती बराच वेळ थांबली, आज सकाळपासून आपण किती माणसांशी बोललो ते आठवलं, आणि खोडलं. तिच्या हाती सुरी दिली की ती थांबत नसे. अर्ध्या-पाऊण तासात पानावर नाव, नंबर आणि कंपन्यांची नावं तेवढी उरली. चुकीचं काही नव्हतं आणि वाचण्याजोगंही काही नव्हतं. तिच्या धंद्याचं दुखणंच हे. प्रोग्रामर म्हणू शकतो, हे बघा, हे मी बांधलं. तिनं जे केलं त्याचा परिणाम म्हणजे काहीतरी झालं नाही. कुणाचा पैसा बुडाला नाही, कुणाचं तिकीट हरवलं नाही. न झालेल्या गोष्टी दाखवायच्या कशा? त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढता येत नाही. तिनं वहिनीला फोन लावला, वाचून दाखवू का म्हणून विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाली, तोंडात काहीतरी होतं. "तू लिहिलंयस म्हणजे चांगलंच असणार. देऊन टाक पाठवून. आणि जेवलीस का?" जेवले, असं ती म्हणाली. जेवली नव्हती.

पाठवून टाकायचं बटण समोर होतं. नियम मोडून, दुसऱ्या कुणी न वाचता. एकदा असंच पाठवलं त्याचं काय झालं ते समोर होतं. तिचं बोट पुढे होईना. बरं, चूक नुसती वाचून दुरुस्त केली की झालं असंही तिच्या धंद्यात नसतं. ती चूक स्वतः पुन्हा घडवून बघावी लागते, तेव्हाच तिची नोंद पुरी होते. या शिस्तीचा आधार घेऊनच तिनं फोन उचलला, नाहीतर तिला धीर झाला नसता. जुन्या कागदावरचा नंबर जसाच्या तसा दाबला, शेवटी सहा-चार.

"हां," एक जाड, सावकाश आवाज आला.

तिनं आपलं नाव सांगितलं.

पलीकडे टीव्ही चालू होता. मग, "इथे अशी कुणी..." आणि तो थांबला. "एक मिनिट. तुम्हीच का त्या?"

"मीच."

"अहो ताई, कुठे होतात तुम्ही? किती लोक शोधतायत तुम्हाला."

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. तोच बोलत राहिला. आधी आधी राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा, मग कळलं, की हे तर बाईंना नोकरी द्यायला बघतायत. पण सांगणार काय? तुमचा पत्ता ना ठिकाणा. आता परवा एक मुलगी होती, फार गोड बोलते, शेवटी आजोबा जेवलात का म्हणून विचारलंन. तो एकटाच असतो. बायकोला जाऊन बरेच दिवस झाले. पूर्वी एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. मग बटणांची लिफ्ट आली, लोक आपलं आपण वर जायला लागले, त्याला स्टुलासकट खाली आणून ठेवलं. हे त्यानं कुरकुर न करता सांगितलं, जुनी बातमी सांगावी तसं.

"मग लागली का नोकरी?" त्यानं विचारलं.

"नाही. आज पाचच्या आत कागद पाठवायचाय." आणि पुढचं ती बोलून गेली तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. "तुम्हाला वेळ आहे का? मी वाचते, तुम्ही ऐकाल? कुणीतरी ऐकल्याशिवाय मला पाठवता येत नाही."

"वेळेचं काय विचारता? थांबा, टीव्ही बंद करतो." काहीतरी सरकल्याचा, खुर्ची करकरल्याचा आवाज आला. "वाचा. पण सगळं वाचा. लिफ्टमध्ये लोक बोलायचे ना, मजेमजेचं बोलायचे, आणि ऐन रंगात मजला यायचा. एवढी वर्षं गेली, एकाचीही गोष्ट पुरी ऐकली नाही मी."

तिनं वाचलं. नाव, मग कंपन्या. फार लवकर संपलं. तो वाट बघत होता.

"झालं?"

"झालं."

"पण तुम्ही करत काय होता?"

"टेस्टिंग. सॉफ्टवेअर तपासायचं. त्यातल्या चुका शोधायच्या."

"म्हणजे कसं? एखादी सांगा ना, लक्षात राहिलेली."

तिनं डोळे मिटले. कितीतरी होत्या, पण वर आली ती एकच. एका मोठ्या दवाखान्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर होतं, नर्सनं पेशंटला औषध दिलं की पडद्यावर नोंद करायची. डोसची नोंद झाली की त्याप्रमाणे पुढचा डोस यंत्र ठरवणार. सगळं तपासून झालं होतं, दुसऱ्या दिवशी बाहेर जाणार होतं. त्या दिवशी ती चिडलेली होती, कशावरून ते आता आठवत नाही. नेट हळू चाललं होतं, बटण दाबलं तर काही होईना, म्हणून तिनं वैतागून पुन्हा दाबलं. आणि डोस दोनदा नोंदला गेला. एकदाच दिलेलं औषध, कागदावर दुप्पट. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. प्रोग्रामरला दाखवलं तर तो म्हणाला, असं कुणी करत नाही. साहेबही तेच म्हणाले. एकदा दाबल्यावर परत कोण दाबतं? ती म्हणाली, मी दाबलं. तेव्हा सगळे असे हसले, की काय सांगावं.

पलीकडे तो खुर्चीत पुढे सरकला असावा. "कोण दाबतं? अहो, दिवा लागलेला समोर दिसत असतो तरी माणसं लिफ्टचं बटण दहादा दाबतात. चांगली शिकलेली, टाय घातलेली. घाईत असला की माणूस दाबतोच. मग? काय केलंत तुम्ही?"

"अडवलं. सही दिली नाही. दुरुस्त होईपर्यंत बाहेर जाऊ दिलं नाही. खूप बोलणी खाल्ली."

"आणि झालं दुरुस्त?"

"झालं."

त्याची खुर्ची पुन्हा करकरली. मग म्हणाला, "बायको दवाखान्यात होती तेव्हा ती नर्स रात्रंदिवस पळत असायची बिचारी. एका हातात सुई, दुसऱ्या हातानं असलंच काहीतरी टकटक दाबायची." आणि मग, "हे लिहिलंय का तुम्ही कागदावर?"

"नाही."

"मग काय लिहिलंय? कंपन्यांची नावं? हे लिहा की."

ती लिहायला लागली. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, आणि वाक्य झालं की वाचून दाखवायची. 'घाईत असलेली नर्स बटण दोनदा दाबते, तेव्हा औषधाचा डोस दुप्पट नोंदला जात होता. ते मी शोधलं आणि दुरुस्त होईपर्यंत सॉफ्टवेअर बाहेर जाऊ दिलं नाही.' तो प्रत्येक वाक्यानंतर "कळलं" म्हणायचा, नाही कळलं तर "हे काय असतं?" म्हणून अडवायचा, आणि अडवलं की ती तो शब्द काढून दुसरा घालायची. चुकीच्या शून्याची गोष्ट झाली. ज्या लोकांचं नाव एकाच शब्दाचं असतं त्यांना आडनावाशिवाय पुढेच जाऊ न देणाऱ्या पानाची झाली, त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि ती पाणी प्या म्हणाली. ऑफिसात दुसऱ्याचं वाचायचा नियम कसा घातला तेही आलं. न झालेल्या गोष्टी एकेक करून पानावर येऊन बसत होत्या, आणि तिला कितीतरी दिवसांनी स्वतःचा आवाज सरळ, न खरखरता ऐकू येत होता. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं, की पान भरलं तेव्हा तिला चुटपुट लागली.

"आता नंबर वाचा," तो म्हणाला. "तोच तर मुद्दा."

तिनं एकेक आकडा वाचला. तो मागून म्हणत गेला, जुन्या माणसांच्या पद्धतीनं, बोटांवर मोजत असावा.

"शेवटी चार-सहा," ती म्हणाली.

"चार-सहा. माझं सहा-चार."

"हो."

"बरोबर आहे मग. द्या पाठवून."

तिनं बटण दाबलं, एकदाच. पान गेलं. लगेच त्या मुलीचं उत्तर आलं, दोन शब्दांचं, 'मिळालं. धन्यवाद.' पाचला अजून अवकाश होता. तिनं ते त्याला वाचून दाखवलं.

"गेलं म्हणायचं," तो म्हणाला.

"गेलं."

"म्हणजे आता ते लोक तुम्हालाच फोन करतील."

"हो. मलाच."

"इकडे नाही कुणी करणार."

"नाही," ती म्हणाली. "आता तुम्हाला त्रास नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "कटकट गेली."

पण त्यानं फोन ठेवला नाही. त्याच्या खोलीतलं घड्याळ तिला ऐकू येत होतं, आणि त्यालाही इकडचं काही ऐकू येत असणार. तिनंही ठेवला नाही.